ताट आधी, सुई नंतर

आठ म्हणजे आठ. संध्याकाळी आठच्या ठोक्याला साळवीभाऊ टेबलाशी बसलेले असायचे. सदरा पोटावरून जरा वर केलेला, समोर इन्सुलिनचं पेन आणि कापसाचा बोळा. कुंदाकाकू स्वैपाकघराच्या उंबऱ्यापलीकडे, शेगडीशी. भाऊंचा हात पेनाकडे सरकला की मागे वळूनही न बघता काकू म्हणायच्या, "ताट आलं का समोर?"

"येतंय ना."

"येतंय म्हणजे आलं नाही. हात मागे घ्या."

भाऊ हात मागे घ्यायचे. मग तव्यावरची भाकरी उतरायची, उसळ वाढली जायची, काकडीची कोशिंबीर, ताकाचं भांडं, सगळं टेबलावर मांडून झालं की काकू पदराला हात पुसत म्हणायच्या, "हां. आता टोचा." भाऊ टोचून घ्यायचे आणि काकू समोर उभ्या राहून त्यांचा पहिला घास पोटात गेलेला बघायच्या. तोवर त्या घरात कुणी आवाज केलेला चालायचा नाही. टीव्ही बंद, फोन पालथा. मी एकदा त्या वेळात पाण्याच्या टाकीची तक्रार घेऊन गेलेले, तर काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी टाकीचं नावच विसरले.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहायचे. आंबिवलीहून मोहन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गल्लीत आमची इमारत, चार मजली आणि बिनलिफ्टची. आम्ही तिसऱ्यावर. नवरा फिरतीच्या नोकरीत, महिन्यातले पंधरा दिवस बाहेरगावी. मी ठाण्याला ऑफिसात. घरी येईपर्यंत माझ्यात कुणावर तरी खेकसण्याइतकंच बळ उरलेलं असायचं, आणि खेकसायला घरी कुणी नाही. त्यामुळे मी सरळ मोबाइल काढून बाहेरून जेवण मागवायचे.

आमची ओळख तिथेच झाली. राहायला आले त्याच आठवड्यात जेवण घेऊन येणाऱ्याने चुकून समोरची बेल वाजवली. दार उघडलं तर काकू पाकीट दोन बोटांत धरून उभ्या. ठेंगण्या, काटक, केसांचा घट्ट अंबाडा, नाकावर चष्मा. पाकिटाचा वास घेत म्हणाल्या, "हे तुझं का गो?"

म्हटलं, हो.

"मागवून किती वेळ झाला?"

"पाऊण तास झाला असेल."

"पाऊण तासात माझा स्वैपाक होऊन ओटा पुसून होतो," त्या म्हणाल्या, आणि पाकीट माझ्या हातात देऊन आत गेल्या. मला असा राग आला की सांगायची सोय नाही. कोण ही बाई, आणि हिला कुणी विचारलं? रागारागात तो गारढोण पुलाव खाल्ला. वर तो तेलकटही होता, त्यामुळे राग आणखी वाढला.

दुसऱ्या दिवशी जिना चढून येते तर काकू दारातच. "हातपाय धू आणि ये. वाद घालू नको, भुकेल्या माणसाशी मी बोलत नाही."

गेले. सवयीने मी घड्याळाकडे बघितलं, आणि त्यांनी ते बघितलेलं बघितलं. एका शेगडीवर तवा, दुसरीवर कढई. फ्रिजमधून मोड आलेल्या मटकीचा डबा निघाला, बर्फाच्या ट्रेमधून आलं-मिरची-लसणाच्या वाटणाची एक वडी खडकन कढईत पडली. ज्वारीचं पीठ परातीत आधीच होतं. एका बाजूला भाकरी, दुसऱ्या बाजूला उसळ, मधल्या वेळात काकडी कोचून दाण्याचं कूट घातलं. बाई धावत नव्हती, धापा टाकत नव्हती. तिच्या हाताला प्रत्येक वस्तू जिथे लागेल तिथेच सापडत होती, इतकंच. माझ्या घरी एवढ्या वेळात मी फार तर कांदा कुठे ठेवलाय ते शोधलं असतं.

"कसं जमतं हो?" मी विचारलं.

"काय जमायचंय त्यात? भूक काय फोन करून येते? आपण आधीपासून तयार राहायचं."

ती तयारी रविवारी चालायची. रविवारी काकूंच्या घरात लग्नघर असल्यासारखं सामान पसरलेलं असायचं. कडधान्यं भिजत, लसूण सोलून डब्यात, नारळ खोवून, डाळ शिजवून घोटून, फरसबी आणि गवार चिरून सुती फडक्यात गुंडाळून. कपाटात भाजणी, कुळथाचं पीठ, नाचणीचं पीठ, भाजून ठेवलेला रवा, मेतकूट. वरच्या फळीवर मीठ-मसाल्याचे रोजचे डबे, खालच्या फळीवर आठवड्याचं, आणि जमिनीलगत पिंपात वर्षाचं. त्यांचा एक नियम होता, डबा अर्धा झाला की तो संपला असं धरायचं. अर्ध्या डब्यावर झोपणाऱ्या बाईची त्यांना कीव यायची. माझ्याकडे तर डबेच नव्हते, पिशव्या होत्या, आणि त्यांना लावलेले कपडे वाळत घालायचे चिमटे. ते बघून काकू एकदा मटकन खाली बसल्या होत्या.

वाया मात्र काही म्हणजे काही जायचं नाही. कोथिंबिरीचे देठ आमटीत, दुधीची सालं चटणीत, शिळ्या भाकरीचा कुस्करा सकाळी फोडणीला. "टाकलं की लागतं," त्या म्हणायच्या. "आज टाक आणि उद्या बघ, नेमकं तेच शोधशील." हे वाक्य मी तेव्हा कौतुकाने ऐकायचे. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

भाऊ म्हणजे अगदी उलटा माणूस. कंपनीत फिटर म्हणून आयुष्य गेलेलं, तिथे म्हणे हजार सुट्या भागांत नेमका नट डोळे मिटून काढायचे. घरात मात्र स्वतःच्या कपाळावर चढवलेला चष्मा सापडायचा नाही. स्वैपाकघरात त्यांना मज्जाव होता. "यांना आत सोडलं तर पाणीसुद्धा करपेल," काकू म्हणायच्या. रोज जेवताना भाऊंचा एक प्रश्न ठरलेला, "मीठ कुठंय?" आणि काकूंचं ठरलेलं उत्तर, "जिथं काल होतं तिथंच." मग उठून त्याच आणून द्यायच्या.

एवढी शिस्त आणि एवढा धाक कशासाठी, हे मी एकदा न राहवून विचारलं. मेथी निवडत बसलो होतो. म्हटलं, "काकू, पाच मिनिटं इकडचं तिकडे झालं तर काय बिघडतं?" त्यांचा हात थांबला.

"बिघडलेलं बघितलंय म्हणून तर," त्या म्हणाल्या.

गोष्ट त्यांच्या सासरची, चिपळूणकडच्या गावची. गौरीजेवणाचा दिवस. त्यांच्या वाडीत आरती घरोघर फिरते. ढोलकी-टाळ घेऊन सगळे एका घरून दुसऱ्या घरी जातात, आणि आपल्या घरी आरती होऊन नैवेद्य दाखवल्याशिवाय घरातलं कुणी तोंड उष्टं करत नाही. भाऊंना तेव्हा नुकतंच इन्सुलिन सुरू झालेलं. डॉक्टरांनी सांगितलेलं, टोचलं की जेवायचं. शेजारच्या घरून टाळ्यांचा आवाज आला, तसं काकूंना वाटलं, आता आलेच आपल्याकडे, आरती होईल, लगेच पान वाढता येईल. म्हणून त्यांनीच भाऊंना सुई घ्यायला सांगितली. आणि शेजारी कुणीतरी आणखी एक भजन धरलं. मग आणखी एक.

"मी दोनदा म्हटलं, तुम्ही घासभर खाऊन घ्या. तर हे म्हणतात, गौरीच्या आधी? माझी आई काय म्हणेल? मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, एवढं काय गो, आत्ता येतील. आले. आरती सुरू झाली. हे पुढे उभे राहून टाळ्या वाजवतायत. बघते तर टाळ्या चुकतायत. सदरा पाठीला चिकटलेला. आणि भावाशी भांडायला लागले, तू मला धक्का दिलास म्हणून. कुणी धक्का दिला नव्हता. आणि मग उभेच्या उभे खाली."

नैवेद्याच्या पानात घावन-घाटलं वाढलेलं होतं. घाटलं म्हणजे गुळाची पातळ खीर. काकूंनी गौरीसमोरचं ते पान ओढलं आणि दाखवायच्या आधीच्या नैवेद्यातलं घाटलं बोटाने भाऊंच्या तोंडात घातलं. घोट घोट उतरत गेलं आणि माणूस परत आला. पण घरात जो सन्नाटा पसरला तो गेला नाही. गौरीचा नैवेद्य उष्टा केला. जाऊबाईंनी त्या दिवसापासून त्यांच्याशी सरळ बोलणं सोडलं. वर्षातून एकदा गावी जाणं व्हायचं, तेही हळूहळू थांबलं.

"मला त्याचं काही नाही," काकू मेथीची जुडी झटकत म्हणाल्या. "चूक माझीच होती. ताट समोर नसताना मी सुई घ्यायला सांगितली. तेव्हापासून ठरवलं, ताट आधी, सुई नंतर. देव आला तरी."

आणि मग, मला शिकवायचंच असं ठरवून, बोटांवर मोजत सांगितलं, "लक्षात ठेव. मी घरी नसेन तर तूच आहेस समोर. साखर उतरली की आधी घाम, मग हातांची थरथर, आणि मग माणूस उगाच भांडतं. शब्दाला शब्द देत बसायचं नाही. आधी साखर घालायची तोंडात, समजूत नंतर."

पण साखर त्या घरात होती कुठे, हा मोठाच प्रश्न. भाऊंना गोडाचा इतका सोस की काकूंना साखरेचा डबा लपवावा लागायचा. जागा महिन्यामहिन्याला बदलायची. मला चहा द्यायचा तर आत जाऊन साखर घालूनच आणायच्या, आणि परत येताना भाऊंकडे संशयाने बघायच्या. भाऊ पेपर वाचत असायचे. इतका निरागस चेहरा मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. महिन्याच्या शेवटी साखर मापापेक्षा लवकर संपायची आणि काकू म्हणायच्या, "मुंग्या लागतात." भाऊ गंभीरपणे म्हणायचे, "कोरड्या जागी ठेवत जा."

काकूंना स्वतःला जेवताना मी पाहिलं नव्हतं. खरं सांगते, मी काय, इमारतीत कुणीच पाहिलं नसेल. भाऊंचं झालं, मला वाढलं, ओटा आवरला, दूध तापवलं, की मग दिवा मालवलेल्या स्वैपाकघरात, दाराकडे पाठ करून काय ते खात असतील. "तुम्ही बसा की आमच्याबरोबर," म्हटलं की म्हणायच्या, "माझं काय, होतं गो." त्यात सोमवार, गुरुवार, चतुर्थी. उपासांचा हिशेब कॅलेंडरलाच ठाऊक. म्हणजे ज्या बाईच्या घरात जेवणाच्या वेळेला कुणाचा श्वास वाजायची चोरी, तिच्या स्वतःच्या जेवणाला वेळच नव्हती. हे मला दिसत होतं. पण दिसणं आणि कळणं वेगळं असतं.

त्या वर्षी मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी त्यांनी नेहमीप्रमाणे हळदीकुंकवाला बोलावलं. मी ऑफिसातून तशीच आले. साडेसात झाले असतील. पाटावर कलश, त्याला साडीचोळी, हार, समोर पाच फळं. नैवेद्याचं पान झाकून ठेवलेलं. काकूंचा दिवसभराचा कडक उपास, पाण्यावर. खालच्या मजल्यावरच्या दोघीतिघी आधीच बसलेल्या. भाऊ आतल्या टेबलाशी, कारण आठ वाजायला आलेले आणि उपास असो, पूजा असो, भाऊंच्या ताटाची वेळ हलत नव्हती. ताट वाढून झालेलंही होतं. नाचणीची भाकरी, घोटलेल्या डाळीची आमटी, फरसबी. भाऊंनी पेन हातात घेतलेलं, टोचायचं बाकी होतं.

मी आत पाऊल टाकलं आणि काकू म्हणाल्या, "तू कशाला आलीस?"

मला वाटलं थट्टा. म्हटलं, "तुम्हीच बोलावलंत."

"मी? मी कशाला बोलावू? तुला बाहेरचं खायची सवय. हातात घड्याळ बांधून येतेस माझ्या घरात. माझ्या स्वैपाकाला वेळ लावून बघतेस."

खालच्या बायका खालीच बघायला लागल्या. माझ्या कानशिलात रक्त चढलं. मी मुळात तोंडाने फटकळ, आणि दिवसभराची दमलेली. म्हटलं, "काकू, आठवड्यातनं चारदा तुमच्याकडे जेवते म्हणून काही ऐकून घेणार नाही हां मी."

"नको ऐकूस. जा ना. दार उघडंच आहे." आणि कुंकवाच्या करंड्याऐवजी त्यांनी भाऊंच्या चष्म्याची डबी उचलली, उघडली, आत बोट बुडवलं आणि माझ्या कपाळाकडे आणलं. मी मागे सरले. चप्पल घालायला वळले. डोळे भरून आलेले आणि ते कुणाला दाखवायचे नव्हते.

"मेधा, थांब." भाऊंचा आवाज.

मी थांबले नाही.

"मेधा, थांब म्हणतो ना. हिच्या कपाळाला हात लाव."

तो आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. कंपनीत मशीन बंद करायला ओरडताना असाच येत असेल. मी वळले आणि काकूंच्या कपाळाला हात लावला. ओलंचिंब. डिसेंबर महिना, खालच्या बायका शाली घेऊन आलेल्या, आणि या बाईच्या पाठीचं पोलकं घामाने काळं पडलेलं. करंडा समजून धरलेली डबी हातात थडथडत होती.

आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. काकू तोंडाच्या तिखट, त्यामुळे त्या भांडल्या तर कुणाला नवल वाटतं? ज्या बाईने मला घाम, थरथर आणि उगाचचं भांडण अशी तिन्ही लक्षणं शिकवली, तिच्यातच ती तिन्ही समोर उभी होती आणि मी तिला उलट उत्तर देत होते. ओळखलं भाऊंनी. नंतर म्हणाले, "मला आतून माहीत आहे ना ते. असंच होतं. सगळे आपल्या विरुद्ध आहेत असं वाटायला लागतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि उठले. स्वैपाकघरात गेले. त्यांना मी स्वैपाकघराचा उंबरा ओलांडताना पहिल्यांदा बघत होते. मी मागोमाग धावले, "भाऊ, साखर कुठंय माहीत आहे का? शोधावी लागेल." म्हणेपर्यंत भाऊ गुडघ्यावर बसलेले. तांदळाचं पिंप एका हाताने सरकवलं, मागे हात घातला, राजगिऱ्याचं लेबल लावलेला डबा काढला, झाकण उडवलं. साखर. न शोधता, न चाचपडता. हजार सुट्या भागांतला नेमका नट.

पाण्यात ढवळून आणली. पण काकू तोंड उघडेनात. ओठ घट्ट मिटलेले. "उपास आहे," एवढंच पुन्हा पुन्हा. भाऊंचा हात झटकला, अर्धं पाणी साडीवर सांडलं. डोळे आमच्याकडे होते, पण आम्ही त्यांना दिसत नव्हतो. खालची एक म्हणाली, "नैवेद्य तरी दाखवून घेऊ का आधी पटकन?" भाऊंनी तिच्याकडे बघितलंही नाही. काकूंची हनुवटी तळहातात धरली आणि अगदी हळू म्हणाले, "कुंदा, तू गौरीचा नेम मोडलास माझ्यासाठी. मी हा मोडतो. देवी काही बोलणार नाही. बोलली तर मी बघतो. घोट घे."

काय झालं कोण जाणे, त्यांनी घोट घेतला. मग दुसरा. गिळताना घशाची हालचाल दिसली. पेला संपला. आम्ही सगळ्या भिंतीला टेकून बसलो. भाऊंनी साखर मोजायचं मशीन आणून त्यांचं बोट टोचलं. आकडा साखर पिऊन झाल्यावरही इतका खाली होता की भाऊंनी मशीन माझ्यापुढे धरलं.

"नुसत्या साखरेवर टिकत नाही," भाऊ म्हणाले. "वर अन्न पाहिजे." आणि टेबलावरचं स्वतःचं ताट उचलून आणलं. काकूंनीच वाढलेलं. भाकरी आमटीत कुस्करली आणि एकेक घास भरवायला लागले. काकू खात होत्या. मुलं खातात तशा, समोरच्या भिंतीकडे बघत.

मग मला आठवलं, भाऊंचं काय? ताट तर गेलं. वेळ उलटून चाललेली. मी स्वैपाकघरात गेले. मी, जिला कांदा सापडत नाही ती. पण तिथे न सापडण्यासारखं काही नव्हतंच. भाजणी हाताच्या उंचीवर. कांदा चिरलेला. कोथिंबीर निवडलेली. वाटणाची वडी ट्रेमध्ये. दही विरजलेलं. तवा शेगडीवरच. थालीपीठ झालं, भोकं पाडून, तेल सोडून, खरपूस. ताट घेऊन बाहेर आले तर भाऊ पेन हातात धरून टोचायचे थांबलेले. माझ्या हातात ताट बघितलं, ते समोर ठेवू दिलं, आणि मगच टोचलं.

त्या रात्री रिक्षाने त्यांना कल्याणला दवाखान्यात नेलं. रात्रभर ठेवून घेतलं, कारण साखर पुन्हा पुन्हा उतरत होती. डॉक्टर विचारत होते, काही गोळी घेतली का? काकू आधी नाही म्हणाल्या. मग भाऊंनी नुसतं बघितलं, तसं सांगितलं.

सहा महिन्यांपूर्वी भाऊंच्या मशीनवर त्यांनी सहज स्वतःचं बोट टोचून बघितलं होतं. साखर निघाली. कुणाला सांगितलं नाही. भाऊ आधी सुईबरोबर एक गोळीही घ्यायचे, ती डॉक्टरांनी बंद केलेली, आणि तिच्या पट्ट्या घरात उरल्या होत्या. टाकायच्या कशाला? काकूंनी त्या मेथीदाण्याच्या डब्यात ठेवल्या आणि स्वतः घ्यायला लागल्या. त्या गुरुवारी सकाळी उपाशीपोटी घेतली, आणि संध्याकाळी पूजेच्या आधी, विसरू नको म्हणून, आणखी एक.

"अहो पण सांगायचं नाही का?" मी म्हटलं. रडत होते आणि रागावलेही होते. "गोळी घेऊन उपास करतं का कुणी? तुम्हीच शिकवता ना दुनियेला?"

काकू खाटेवर पडल्या पडल्या छताकडे बघत होत्या. म्हणाल्या, "एका घरात दोघांनी आजारी पडून कसं चालेल?"

मी त्यांच्या अंगावरची चादर नीट केली.

जरा वेळाने त्यांनी मान भाऊंकडे वळवली. आवाज नेहमीचा, बारीक धारेचा. "राजगिऱ्याच्या डब्याचं तुम्हाला कसं कळलं?"

भाऊ खिडकीबाहेर बघायला लागले. "मुंग्यांनी सांगितलं," ते म्हणाले.

पुढे नवऱ्याची बदली झाली, फिरती थांबली आणि आम्ही कोलशेतला घर घेतलं. जायच्या दिवशी काकूंनी भाजणीचा मोठा डबा दिला आणि सांगितलं, "अर्धा झाला की संपला धर. फोन कर." मी अर्धा होण्याची वाट बघितली नाही, आठवड्यातच केला.

गेल्या महिन्यात तो डबा परत द्यायला गेले. रिकामा डबा परत करायचा नसतो, म्हणून त्यात मीच केलेलं दाण्याचं कूट भरलेलं. मुद्दाम आठच्या आसपास पोचले. दार अर्धवट लोटलेलं होतं, मी जिन्यातच थांबले, कारण त्या वेळेला आवाज करायचा नसतो हे अंगात मुरलेलं.

आत टेबलावर दोन ताटं. साखरेचा डबा ओट्यावर, उघड्यावर, झाकणावर ठळक 'साखर' लिहिलेला. काकू खुर्चीत बसलेल्या, दाराकडे तोंड करून. भाऊ शेगडीजवळ, खांद्यावर फडकं, आमटी वाढत होते. त्यांच्या मिटलेल्या मुठीत काकूंची गोळी असणार, कारण काकू त्या मुठीकडे बघत म्हणाल्या, "द्या इकडे, घेऊन टाकते."

"ताट आलं का समोर?"

"येतंय ना."

"येतंय म्हणजे आलं नाही."

आमटीची वाटी ताटात आली. मग मूठ उघडली. काकूंनी गोळी घेतली, भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि खाल्ला. भाऊ उभे राहून तो घास खाली उतरेपर्यंत बघत होते. मग बसले, आणि त्यांनी पेन उचललं.

काकूंना मी दारात दिसले. सवयीने त्या अर्ध्या उठल्या, मला वाढायला. भाऊंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. त्या परत बसल्या. दुसरा घास घेतला, चावला, आणि कपाळाला आठी घातली.

"मीठ कुठंय?"

"जिथं काल होतं तिथंच," भाऊ म्हणाले, आणि आणायला उठले.